क्रँकशाफ्टचा पीळ आणि रबराचे वय

मोटारीच्या इंजिनाच्या पुढच्या टोकाला, अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि वातानुकूलन यंत्रणा यांचे पट्टे फिरवणाऱ्या पुलीच्या रूपात, एक जाड आणि वजनदार गोल भाग बसवलेला असतो. तांत्रिक परिभाषेत त्याला हार्मोनिक बॅलन्सर किंवा टॉर्शनल डॅम्पर म्हणतात, तर गॅरेजमध्ये तो क्रँक पुली किंवा डॅम्पर पुली या नावाने ओळखला जातो. पट्टे फिरवणे हे त्याचे डोळ्यांना दिसणारे काम असले तरी त्याहून महत्त्वाचे काम दिसत नाही, आणि ते म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यात, अर्थात क्रँकशाफ्टमध्ये, सतत निर्माण होणारे पिळाचे कंपन शोषून घेणे. उच्च वेगाने फिरणाऱ्या इंजिनांत या कामावर संपूर्ण यंत्राचे आयुष्य अवलंबून असते. तरीही हा भाग झिजतो, त्याला वय असते आणि ठरावीक काळानंतर तो बदलावा लागतो, ही गोष्ट वाहनधारकांच्या आणि अनेकदा कारागिरांच्याही ध्यानात राहत नाही.

पोलादी दांडा पिळला जातो तो कसा

क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा किंवा ओतीव लोखंडाचा, हाताला पूर्णपणे ताठ वाटणारा भाग असला तरी इंजिन चालू असताना तो कधीही पूर्ण ताठ राहत नाही. इंधन आणि हवेचे मिश्रण पेटल्यावर सिलिंडरमध्ये जो दाब निर्माण होतो, तो पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्या मार्फत क्रँकशाफ्टच्या एका विशिष्ट खुंटीवर (क्रँकपिनवर) येऊन पडतो. ८६ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ८० बार इतका दाब आला, तर त्या क्षणी पिस्टनवर पडणारे बळ साडेचार टनांहून अधिक वजनाइतके असते. हे बळ दांड्याला फिरवते, पण फिरवण्याआधी त्या ठिकाणी त्याला किंचित पीळही देते, कारण दांड्याच्या मागच्या टोकाला असलेले जड फ्लायव्हील आपल्या जडत्वामुळे तत्काळ वेग वाढवू देत नाही. स्फोटाचा जोर ओसरला की पोलाद आपल्या लवचिकतेमुळे परत उलगडते, उलगडताना मूळ स्थितीच्या पलीकडे जाते आणि मग पुन्हा मागे येते. ही मागेपुढे होणारी हालचाल एका अंशाहूनही कमी असते, पण ती सेकंदाला शेकडो वेळा घडत असल्यामुळे दांड्यातील धातूला, त्याच्या बेअरिंगांना आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक भागाला तिचा मार सोसावा लागतो.

प्रत्येक लवचिक वस्तूची कंप पावण्याची स्वतःची एक वारंवारिता असते, तिला स्वाभाविक वारंवारिता म्हणतात. बाहेरून मिळणारे धक्के त्याच वारंवारितेने येऊ लागले, तर झोपाळ्याला दर झोक्याला योग्य वेळी मिळालेल्या हलक्या रेट्यांनी त्याचा झोका वाढत जावा तसे कंपन वाढत जाते, आणि या अवस्थेला अनुनाद म्हणतात. इंजिनातील धक्क्यांची वारंवारिता मात्र स्थिर नसते, कारण ती इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते आणि कमी होते. चार स्ट्रोकच्या तत्त्वावर चालणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो, त्यामुळे एका ओळीतील सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला तीन स्फोट होतात. मिनिटाला ८००० फेऱ्यांच्या वेगाने म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ फेऱ्या, आणि त्यानुसार सेकंदाला सुमारे ४०० स्फोट.

उच्च वेगाच्या इंजिनांची अडचण या गणितातच दडलेली आहे. समजा, एखाद्या सहा सिलिंडरच्या दांड्याची स्वाभाविक वारंवारिता सेकंदाला ३५० कंपने इतकी आहे. असे इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या पुढे कधीच गेले नाही, तर त्याच्या स्फोटांची वारंवारिता सेकंदाला २०० पर्यंतच पोहोचते आणि मुख्य धक्क्यांचा व दांड्याच्या स्वाभाविक कंपनाचा मेळ कधीच बसत नाही. बसलाच तर तो त्या धक्क्यांच्या पटीतील, तुलनेने दुबळ्या घटकांशी बसतो. तेच इंजिन ७००० फेऱ्यांवर नेले की सर्वांत जोरकस धक्के नेमके ३५० च्या वारंवारितेने येऊ लागतात आणि दांडा पूर्ण अनुनादात सापडतो. म्हणजे वेग वाढल्याने केवळ धक्क्यांची संख्या वाढते असे नाही, तर एका मर्यादेनंतर ते धक्के दांड्याच्या सर्वांत नाजूक जागी पडू लागतात. लांब दांडा लवकर पिळला जातो, त्यामुळे एका ओळीतील सहा सिलिंडरच्या इंजिनांना हा धोका चार सिलिंडरच्या आखूड दांड्यांपेक्षा अधिक असतो.

शंभर वर्षांपूर्वीचा शोध

हा प्रश्न मोटारीच्या सुरुवातीच्या काळातच उभा राहिला, आणि त्याआधी तो जहाजांच्या लांबलचक दांड्यांमध्ये दिसला होता. जर्मन अभियंता हर्मन फ्राम याने १९०२ मध्ये जहाजांच्या इंजिनदांड्यांतील पिळाच्या कंपनांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९०९ मध्ये मुख्य वस्तूला एक लहान वस्तुमान लवचिकपणे जोडून तिचे कंपन कमी करण्याची युक्ती मांडली. इंग्लंडमध्ये हेन्री रॉइस यांच्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी मोटारीचे क्रँकशाफ्ट तुटू लागल्याने त्यांना १९०५-०६ च्या सुमारास याच प्रश्नाशी झुंजावे लागले. त्यानंतरच्या इंजिनाचा दांडा अधिक भक्कम करून आणि त्याच्या पुढच्या टोकाला घर्षणाने सरकणारे लहान फ्लायव्हील बसवून त्यांनी मार्ग काढला. त्याच काळात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तेलात बुडालेल्या चकत्यांच्या घर्षणावर चालणारा डॅम्पर तयार केला आणि तो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. या उपायांमागचे गणित ऑर्मोंड्रॉइड आणि डेन हार्टॉग या दोघांनी १९२८ मध्ये एका शोधनिबंधात नीटसपणे मांडले. आजच्या मोटारीतील डॅम्पर याच विचारपरंपरेचा वारस आहे.

सध्याच्या बहुतेक मोटारींतील डॅम्परचे तीन भाग असतात. दांड्याच्या टोकावर घट्ट बसणारा मधला भाग म्हणजे हब, त्याच्याभोवतीचे जड लोखंडी कडे म्हणजे जडत्वाचे वलय, आणि या दोहोंच्या मधल्या अरुंद फटीत दाबून बसवलेला किंवा चिकटवलेला रबराचा पट्टा. दांड्याला पीळ बसून हब झटकन पुढे गेला की वलय आपल्या जडत्वामुळे मागे राहते, रबर ताणले जाते आणि ते हबला मागे खेचते. हब मागे फिरू लागला की वलय उलट्या दिशेने तेच करते. रबराची ताठरता आणि वलयाचे वजन यांचा मेळ अशा रीतीने घातलेला असतो की वलयाचे स्वतःचे कंपन दांड्याच्या स्वाभाविक वारंवारितेच्या जवळ येते. परिणामी दांड्याच्या कंपनाचे एक उंच शिखर मोडून त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बुटकी शिखरे तयार होतात, आणि रबर दर वेळी ताणताना व आवळताना आतल्या घर्षणाने कंपनाची काही ऊर्जा उष्णतेत बदलत जाते. सारांश असा की डॅम्पर कंपनाला अडवत नाही, तर त्याची विभागणी करतो आणि त्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर सोडतो.

झीज नेमकी कशाची

या रचनेतील लोखंड पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते, पण रबर टिकत नाही. कंपन शोषताना निर्माण होणारी आतली उष्णता, इंजिनाची बाहेरची उष्णता, हवेतील ओझोन आणि गळणाऱ्या सीलमधून येणारे तेल या चारही गोष्टी त्याचे आयुष्य कमी करतात. उष्णता आणि ओझोन यांनी रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात, तर तेलाने ते फुगून मऊ होते. दोन्ही परिस्थितींत त्याची ताठरता बदलते, आणि ताठरता बदलली की काळजीपूर्वक जुळवलेली वारंवारिताही सरकते. असा डॅम्पर वरवर शाबूत दिसत असला तरी ज्या वेगाला त्याने दांड्याचे रक्षण करायचे, नेमक्या त्याच वेगाला तो निष्प्रभ ठरतो. पुढच्या टप्प्यात रबराची धातूवरील पकड सुटते, वलय हबवर सरकू लागते, डगमगत फिरते आणि शेवटी पूर्ण सुटून पट्टे, रेडिएटर किंवा टायमिंगचे आवरण यांवर आदळू शकते. या भागाची झीज किलोमीटरांपेक्षा वर्षांवर आणि सोसलेल्या उच्च वेगावर अधिक अवलंबून असते, त्यामुळे कमी चाललेली पण २५ वर्षांची जुनी मोटार या बाबतीत अधिक जोखमीची असू शकते.

या विवेचनाचे उत्तम उदाहरण म्हणजे निस्सानचे आरबी२६डीईटीटी हे इंजिन. १९८९ मध्ये आलेल्या आर३२ स्कायलाइन जीटी-आर पासून २००२ मध्ये थांबलेल्या आर३४ पर्यंत वापरल्या गेलेल्या या इंजिनात एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बोचार्जर, २५६८ घन सेंटिमीटर क्षमता आणि ८००० फेऱ्यांपर्यंत जाणारा वेग यांचा संगम आहे. जपानच्या ग्रुप ए शर्यतींत १९९० ते १९९३ या काळात आर३२ ने सर्वच्या सर्व २९ शर्यती जिंकल्या, आणि त्यामुळे जगभरच्या हौशी चालकांनी हे इंजिन मूळ रचनेपेक्षा कितीतरी जास्त ताकदीने चालवायला सुरुवात केली. अमेरिकेत २५ वर्षे जुन्या मोटारींच्या आयातीला सवलत असल्याने २०१४ पासून या मोटारी तिकडेही मोठ्या प्रमाणावर जाऊ लागल्या, आणि त्यांतल्या अनेकींमध्ये कारखान्यातून आलेला मूळ डॅम्पर तसाच होता.

या इंजिनात तेलाचा पंप थेट क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसतो आणि दांड्याच्या सपाट कडा त्याच्या आतल्या दंतचक्राला फिरवतात. आर३२ च्या सुरुवातीच्या दांड्यांवर या सपाट कडा अरुंद होत्या, त्यामुळे दंतचक्राला पकडायला पुरेशी जागा नव्हती, म्हणून नंतरच्या दांड्यांवर त्या रुंद करण्यात आल्या. डॅम्पर निकामी झाला की पिळाच्या कंपनाचा मार आधी दांड्याच्या या टोकालाच बसतो, कारण फ्लायव्हीलपासून सर्वांत दूर असल्यामुळे पुढचे टोक सर्वांत जास्त हलते. दर सेकंदाला शेकडो वेळा हे टोक दंतचक्राच्या कडांवर आपटत राहिले तर दंतचक्र तडकते, तेलाचा दाब क्षणात शून्यावर येतो आणि उच्च वेगाने फिरणारी बेअरिंगे कोरडी पडतात. काही हजारांच्या पुलीकडे झालेले दुर्लक्ष संपूर्ण इंजिनाचा बळी घेते ते असे.

दोष ओळखण्याच्या खुणा

झिजलेला डॅम्पर बहुधा काही खुणा आधीच देतो. इंजिन मंद गतीवर चालू असताना पुढून पाहिल्यास वलय डगमगताना दिसते. पट्टे एका कडेने झिजतात किंवा खाचेतून उतरू पाहतात. टायमिंगच्या आवरणावर घासल्याची चमकदार रेघ उमटते. इंजिन बंद करून टॉर्चच्या उजेडात पाहिले असता रबराच्या पट्ट्यात भेगा, बाहेर आलेले फुगवटे किंवा तेलाने चिकट झालेला भाग आढळतो. वलयाचा बाहेरचा कडेचा भाग किती डगमगतो, हे मोजण्यासाठी डायल गेज हे सुईच्या तबकडीचे सूक्ष्म मोजमापाचे साधन वापरले जाते. टायमिंग लाइटने पाहता येणाऱ्या वेळेच्या खुणा वलयावर कोरलेल्या असतील आणि वलय हबवर सरकले असेल, तर इंजिनाची वेळ बरोबर असूनही ती चुकीची दिसते आणि कारागीर ती नको तिथे बदलू पाहतो. काही इंजिनांत दांड्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचे दातेही याच भागावर असतात. अशा ठिकाणी वलय सरकले की नियंत्रक संगणकाला चुकीची माहिती मिळते आणि इंजिन अडखळू लागते.

बदलण्याची पद्धत

डॅम्पर बदलणे वरकरणी सोपे वाटले, तरी त्यातील प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्यावर परिणाम करतो. प्रथम पंखा, त्याचे आवरण आणि पट्टे काढून पुढची जागा मोकळी केली जाते, आणि पहिला पिस्टन सर्वांत वरच्या स्थितीत आणून खुणा जुळवून ठेवल्या जातात. मधला बोल्ट प्रचंड घट्ट बसवलेला असल्यामुळे दांडा फिरू न देता अडवून धरावा लागतो. हे काम फ्लायव्हीलच्या दातांत अडकवलेल्या साधनाने किंवा पुलीच्या हबला धरणाऱ्या खास पान्याने करावे. होंडाच्या अनेक इंजिनांत त्यासाठी हबवर ५० मिलिमीटरची षट्कोनी खाच दिलेली असते. वलयाला किंवा पट्ट्याच्या खाचांना साखळीने धरून बोल्ट सोडवण्याचा प्रयत्न केल्यास सारा ताण रबरावर येतो. इंजिन त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवायचे असते, आणि ती दिशा सर्व इंजिनांत सारखी नसते, कारण होंडाच्या जुन्या बी-मालिकेची इंजिने समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात.

बोल्ट निघाल्यावर जुना डॅम्पर ओढून काढण्यासाठी हबवर दिलेल्या आट्यांच्या छिद्रांत बसणारा पुलर वापरावा, आणि तीन पायांचा पुलर वलयाच्या कडेला अडकवू नये. हा भाग निघाला की दांड्याच्या टोकाची बारकाईने तपासणी होते. आटे स्वच्छ आहेत का, हबची दिशा पक्की करणारी लहान चावी आणि तिची खाच चेपली आहे का, आणि ऑइल सील जिथे टेकते तिथे खोल चर पडला आहे का, हे पाहिले जाते. चर पडला असेल तर दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवून सीलसाठी नवी गुळगुळीत जागा करता येते, आणि सील स्वतः नेहमी नवीनच बसवावे, कारण तेलाची गळती नव्या रबराचा पहिला शत्रू असते.

नवा डॅम्पर बसवताना हातोड्याने ठोकणे ही सर्वांत घातक चूक आहे, कारण तो मार दांड्याच्या लांबीच्या दिशेचा भार घेणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर आणि रबराच्या जोडावर पडतो. गॅसच्या ज्योतीने तापवून तो सैल करण्याचा उपायही तितकाच चुकीचा आहे. ज्या इंजिनांत हब घट्ट बसतो, तिथे आट्यांच्या खास साधनाने तो सावकाश ओढून घ्यावा लागतो. शेवटी मुख्य बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे घट्टपणा मोजणाऱ्या पान्याने, निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावा. अनेक इंजिनांत हा बोल्ट ताणून आवळण्याचा असल्याने तो दर वेळी नवा घ्यावा लागतो. या बोल्टची पकड महत्त्वाची असते, कारण दांड्यापासून हबकडे जाणारे बळ मुख्यतः त्या पकडीतून निर्माण झालेल्या घर्षणाने वाहून नेले जाते आणि चावी केवळ दिशा ठरवते. बोल्ट ढिला राहिला तर चावीवर मार बसून दांड्याचे टोकच खराब होते, आणि मग केवळ पुली बदलून काम भागत नाही.

नवा भाग निवडताना

रोजच्या वापराच्या मोटारीसाठी मूळ निर्मात्याचा किंवा त्याच्या तोडीचा रबरी डॅम्पर हाच उत्तम पर्याय आहे, कारण तो त्या विशिष्ट दांड्यासाठी जुळवलेला असतो. शर्यतींसाठी किंवा वाढवलेल्या ताकदीसाठी दोन प्रकार वापरले जातात. एकात अनेक रबरी कड्या बदलता येतील अशा रीतीने वलय बसवलेले असते, तर दुसऱ्यात सीलबंद घरात वलय दाट सिलिकॉन द्रवात तरंगते आणि त्या द्रवाच्या घर्षणाने वेगाच्या विस्तृत पल्ल्यात कंपन शोषले जाते. शर्यतींच्या मोटारींसाठी डॅम्परच्या मजबुतीचे एसएफआय १८.१ हे मानक सर्वमान्य आहे, आणि त्या मानकाचे चिन्ह असलेला भाग उच्च वेगाला तुटून उडण्याचा धोका बराच कमी करतो.

याउलट, वजन कमी करण्याच्या आशेने रबर व वलय नसलेली, एकाच अॅल्युमिनियमच्या तुकड्यातून घडवलेली हलकी पुली बसवण्याची प्रथा धोकादायक आहे. त्या पुलीने इंजिनाचा वेग किंचित लवकर वाढतो, पण ज्या दांड्याला मूळ निर्मात्याने डॅम्पर दिला होता, त्याच्यासाठी तो अनावश्यक होता असे मानण्याला कोणताही आधार नसतो. काही अमेरिकन व्ही८ इंजिनांत एक वेगळीच अडचण येते. त्यांत दांड्याचा तोल साधण्यासाठी लागणारे काही वजन डॅम्परमध्येच ठेवलेले असते. फोर्डच्या ३०२ घन इंचांच्या इंजिनात या वजनाने साधलेला असमतोल सुरुवातीला २८ औंस-इंच होता, तर १९८० च्या दशकाच्या आरंभी तो ५० औंस-इंच करण्यात आला. दिसायला सारखाच पण चुकीच्या वजनाचा डॅम्पर अशा इंजिनाला बसवला, तर कंपन कमी होण्याऐवजी नवेच कंपन सुरू होते.

महाराष्ट्रात आणि एकूणच भारतात रोज धावणाऱ्या बहुसंख्य मोटारी क्वचितच साडेसहा हजार फेऱ्यांच्या पुढे जातात, त्यामुळे येथे डॅम्परचे बिघाड उच्च वेगापेक्षा वय, उष्णता आणि तेलगळती यांमुळे अधिक होतात. तरीही जुन्या, हौसेने जपलेल्या पेट्रोल मोटारींच्या बाबतीत वर दिलेला सारा तर्क तसाच लागू पडतो. टायमिंगचा पट्टा ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो हे आता सर्वांना पटले आहे, आणि तो बदलताना डॅम्पर तसाही काढावाच लागतो. त्याच वेळी रबराची तपासणी करून, दहा-पंधरा वर्षांहून जुना आणि उच्च वेगाने वापरलेला डॅम्पर नवा घालणे हा मोटार सांभाळण्याचा सरळ नियम ठरायला हवा. नव्या डॅम्परच्या हबवर व वलयावर मिळून एक सलग रंगाची रेघ मारून ठेवली, तर पुढच्या देखभालीत ती रेघ तुटलेली दिसताच वलय सरकल्याचे कळते. डॅम्पर बसवल्याच्या तारखेची नोंद मोटारीच्या पुस्तिकेत ठेवणे हे गॅरेजचे एवढेसे काम, पण त्याने रबराला वय असते ही गोष्ट मालकाच्या ध्यानात राहते, आणि क्रँकशाफ्टला त्याच्या आयुष्यभर लागणारे संरक्षण वेळेवर मिळते.